विवीलीवरचा अंगठा

पाण्यात उतरण्यापूर्वी उलामिला होडीच्या काठावर बसून डोळे मिटत असे, आणि तिची प्रार्थना संपेपर्यंत फिलिमोने इंजिन बंद ठेवी. ज्या समुद्राने तिचा नवरा नेला, त्याच समुद्राच्या कुशलाची नोंद ठेवणे हे तिचे नित्यकर्म झाले होते, आणि त्यात तिला विसंगत असे काही वाटत नसे. उलट, मिटल्या डोळ्यांनी ती आभारच मानी.

फिलिमोने तिचा आतेभाऊ. नावुनीसेया गावात आते-मामे भावंडांनी एकमेकांची थट्टा करणे हा नुसता हक्क नव्हे, ते एक प्रकारचे कर्तव्यच आहे. आणि फिलिमोने कर्तव्यात कधी चुकत नसे.

“झाली का प्रार्थना? का एकेका माशाचं नाव घेऊन आशीर्वाद मागतेयस?”

“तुझं नाव घेतलं, म्हणून लांबली. तुझी पापं काय थोडी आहेत?”

मग ती पाण्यात शिरे. प्रवाळावर मापाची फीत अंथरायची, तिच्या कडेकडेने संथपणे पोहायचे, दोन्ही अंगांना दिसतील ते मासे मोजायचे आणि पाटीवर पेन्सिलीने लिहायचे. घाई केली की मासे बुजतात. सगळ्या फिजीत, गावोगावच्या राखीव पाण्यात, तिच्यासारखी माणसे हे काम करीत असतात, आणि त्यांच्या आकड्यांतून राजधानीतल्या कचेरीत देशाच्या समुद्राचा नकाशा हळूहळू भरत जातो. उलामिला मोजत असे तो खडक गावाला अगदी लागून होता. त्याचे नाव विवीली, म्हणजे शंख-शिंपले. तांबू लागल्यापासून, म्हणजे तिथली मासेमारी गावाने निषिद्ध मानल्यापासून, विवीलीवर पोपटमाशांचे थवे गायरानातल्या गुरांसारखे चरू लागले होते, आणि परातीएवढ्या शिंपल्यांचे निळे ओठ पाण्याखाली उघडत-मिटत होते.

हे सारे वैभव एका चुकीचे फळ होते. चूक साऱ्या गावाला ठाऊक होती. ज्यांच्या हातून ती घडली, त्या एका वृद्ध पुरुषाला मात्र तिचा पत्ता नव्हता.

बरीच वर्षे लोटली त्या गोष्टीला. कचेरीतले पाहुणे मोठा नकाशा घेऊन आले होते. सभागृहात केवड्याच्या पानांची चटई अंथरलेली, मध्यभागी यांगोनाचे, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या मानाच्या पेयाचे, लाकडी पात्र. वरच्या अंगाला गावचे अधिपती रातू सैरूसी बसले, खालच्या अंगाला पाहुणे आणि त्यांच्यामागे गाव. बसण्याची ही रीत इतकी जुनी आहे की ती कुणी सांगावी लागत नाही आणि मोडावी असे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. पाहुण्यांनी नकाशा आपल्यापुढे, आपल्याला वाचता येईल असा पसरला. त्यामुळे अधिपतींना तो उलटा दिसत होता. त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरू लागला होता; किनाऱ्याची वाकडी रेघ आणि चंद्रकोरीच्या आकाराचे दोन खडक, एवढेच त्यांना उमगत असावे.

“वातुलोआ राखायचा,” ते म्हणाले. “माझ्या वडिलांची इच्छा होती.” आणि त्यांनी अंगठा टेकवला. वातुलोआ हा दूरचा, काळ्या कातळाचा खडक. अंगठा टेकला तो विवीलीवर.

चूक साऱ्या सभागृहाने पाहिली. अधिपतींच्या पुढ्यात उभे राहणे नाही, त्यांच्यासमोरून हात लांब करणे नाही, आणि त्यांच्या अंगठ्याला इकडे सरका म्हणणे तर नाहीच नाही. पाहुण्यांना खडकांची नावे ठाऊक नव्हती. त्यांनी विचारले, “ठीक आहे ना?” आणि सारा गाव एका सुरात “होय” म्हणाला. पोकळ तळव्यांच्या टाळ्या घुमल्या. पेन्सिल होती नव्यानेच विधवा झालेल्या उलामिलाच्या हाती. अंगठा उठला, तशी तिने त्याच्याभोवती रेघ ओढली.

ती पेन्सिल तिच्या हाती आली, तीही रातू सैरूसींच्याच कृपेने. नवरा गेल्यावर तिला माहेरी धाडावे, असे भावकीत घाटत होते. रातूंनी निरोप पाठवला होता: या पाण्यानं तिचा माणूस नेलाय, तेव्हा या पाण्यावर तिचा हक्क आहे, राखणीचं काम तिला द्या. त्या एका वाक्यावर तिचे घर उभे राहिले. असल्या उपकारकर्त्याची चूक काढायला जीभ वळत नाही.

तेव्हापासून गाव विवीलीला वळसा घालून जगत आला. बायका होडीने वातुलोआला जाऊ लागल्या. गुडघेदुखीने घरातच बसलेले रातू अधूनमधून विचारीत, “कसं आहे राखीव पाणी?” आणि गावकरी म्हणत, “छान भरलंय, तुरांगा,” म्हणजे धनी. खोटे कुणी बोलत नव्हते, नाव तेवढे घेत नव्हते.

या साऱ्याचा भार पडला म्हाताऱ्या बायकांवर. विवीली हा पायी जाण्याचा खडक. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जावे, काठीने अष्टपादाचे बीळ चाचपावे, टोपलीत शिंपले घ्यावेत, गाणी म्हणावीत आणि भरतीच्या आत परतावे, असा त्यांचा जन्म गेलेला. वातुलोआच्या उसळत्या पाण्यात त्यांचा निभाव कसा लागणार? उलामिलाची सासू तोरिका सगळ्यांत थोरली. साऱ्या मुलांची ती बुबू, म्हणजे आजी. ओहोटीच्या वेळी ती पायऱ्यांवर बसून विवीलीकडे बघत असे; टोपली शेजारी असे, रिकामी. तक्रार मात्र तिने कधी केली नाही.

मग एके दिवशी निरोप आला. कचेरीचे लोक पुढच्या आठवड्यात येणार होते. राखीव पाण्यांच्या रेघा आता देशाच्या कायद्यात कायमच्या लिहिल्या जायच्या होत्या.

“कायमच्या म्हणजे?” तोरिकाने चुलीवरच्या अळूच्या कंदांवरून नजर न काढता विचारले.

“म्हणजे मग गावाला एकट्यानं बदलता येणार नाही, बुबू.”

“बरं,” तोरिका म्हणाली. थोड्या वेळाने पुढे म्हणाली, “मेल्यावर मला टेकडीवर पुरा. तिथनं विवीली चांगला दिसतो.”

दुसऱ्या दिवशी उलामिला इसोआकडे गेली. अधिपतींचा शब्द लोकांपर्यंत आणि लोकांचा अधिपतींपर्यंत नेणे हे इसोआच्या घराण्याचे परंपरागत काम.

“म्हणजे मी जाऊन काय सांगू?” इसोआ कळवळून म्हणाला. “तुरांगा, तुमचा अंगठा वाकडा पडला? माझ्या सात पिढ्यांत असलं वाक्य कुणी उच्चारलेलं नाही.”

“तसं नका सांगू. एवढंच सांगा की रेघ पक्की व्हायच्या आधी उलामिलाला तुम्हांला राखीव पाण्यावर न्यायचंय. इतकी वर्षं मोजत्येय. एकदा धन्याला दाखवायचंय. त्यात खोटं काय आहे?”

“आणि तिथं गेल्यावर?”

“तिथं गेल्यावर मी बोलेन. गावासमोर नाही, पाण्यावर.”

“तुझी छाती मोठी आहे, पोरी. माझी होडीच्या मधोमध बसायची तयारी आहे, एवढंच.”

रातू आनंदाने आले. फिलिमोने आणि आणखी चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून होडीत ठेवले. दुपार उतरली होती, पाणी तुडुंब होते. उलामिलाने मनात वाक्ये जुळवली होती. एकेक वाक्य ओठांपर्यंत येई आणि परत फिरे.

होडी थांबली. रातूंनी समुद्रावर थोडे यांगोना ओतले, पूर्वजांचे स्मरण केले. आणि त्याच वेळी प्रार्थनामंदिरातला लाकडी नगारा वाजू लागला. पाण्यावरून त्याचा एकेक ठोका स्वच्छ, भरदार आला.

रातूंनी मान वर केली.

“नगारा आज मोठ्यानं वाजतोय.”

“वारा तिकडून आहे, तुरांगा,” इसोआ घाईने म्हणाला.

“इसोआ, वारा माझ्या गालावर आहे. नगारा पाठीमागून येतोय.” ते थांबले. “वातुलोआवर नगारा ऐकू येत नाही. माझे वडील म्हणायचे, इथं आपल्याला देवाचं बोलावणं पोचत नाही, म्हणून इथं हात आवरून मासे धरा. मी त्यांच्याबरोबर यायचो.” मग अगदी हळू आवाजात: “आपण कुठं आहोत?”

फिलिमोने इंजिनाकडे बघत राहिला. इसोआ स्वतःच्या पायांकडे.

“विवीलीवर, तुरांगा,” उलामिला म्हणाली.

जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही तिला आठवले नाही. एवढा एकच शब्द उरला होता, आणि तो पुरेसा होता.

“त्या दिवशी,” रातू म्हणाले, “कागद कुणाला सुलटा होता?”

“पाहुण्यांना.”

“आणि मी वरच्या अंगाला.” त्यांच्या छातीतून काहीतरी गडगडत वर आले, उलामिला दचकली, पण ते हसू होते. “सगळा गाव बघत होता, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही! फिलिमोने, तूसुद्धा? तुला तर गप्प बसवायला पैसे द्यावे लागतात!”

“त्या दिवशी फुकट बसलो, तुरांगा.”

होडी हसण्याने हलली. मग रातूंनी विचारले, “तोरिका कशी जाते वातुलोआला?”

“नाही जात.”

“केव्हापासून?”

“अंगठा टेकला तेव्हापासून, तुरांगा.”

हसू तिथेच थांबले. त्यांनी वाकून हात पाण्यात सोडला आणि तसाच ठेवला. “सांग, काय काय आहे खाली?” उलामिला सांगू लागली: पोपटमासे, शिंपले, खडकाच्या सावलीत जडावून पडलेला एक म्हातारा हेकरू मासा, पूर्वी नव्हती अशी कोवळी प्रवाळे. ते डोळे मिटून ऐकत राहिले. इवलासा मासा येऊन त्यांच्या बोटांना हुंगून गेला असावा, कारण ते मध्येच बालकासारखे हसले. शेवटी त्यांनी ओला हात तिच्या मस्तकावर ठेवला. “विनाका,” ते म्हणाले. आभार मानायला आमच्याकडे हाच शब्द आहे.

त्याच संध्याकाळी त्यांनी गाव बोलावला. सभागृहात आल्यावर ते वरच्या अंगाला गेले नाहीत. फिलिमोनेच्या खांद्याचा आधार घेत दाराजवळ, जिथे बायका बसतात तिथे, त्यांच्यासमोर खाली बसले. अधिपतींच्या वरच्या अंगाला बसायचे नाही, म्हणून पुरुषमंडळी गोंधळून आणखी खाली सरकता सरकता जवळजवळ दाराबाहेर पोचली. इसोआने देवमाशाचा दात दोन्ही हातांवर धरला. आमच्याकडे क्षमा मागायची ती त्या दातासह. पण अधिपतीने कोळणींपुढे तो ठेवल्याचे कुणी ऐकले नव्हते. इसोआचा आवाज दोनदा अडखळला.

“तुरांगा म्हणतात, चूक माझ्या अंगठ्याची, आणि हाल तुमचे. माझा शब्द तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाळलात. क्षमा करा, आणि आता विवीलीचं काय करायचं ते तुम्ही सांगा.”

दात घ्यायचा मान तोरिकाचा. तिने तो घेतला, कपाळाला लावला. तोरिका ही रातूंची मामेबहीण, ही गोष्ट साऱ्या गावाला माहीत असून जणू विसरली गेली होती.

“तुरांगांना क्षमा केली,” ती म्हणाली. “आता भावाशी बोलते. अरे सैरूसी, लहानपणी तुला मासा दाखवला की तू खेकडा धरायचास! इतकी वर्षं तुझी थट्टा करायचा हक्क मी गिळून बसले होते, तू आज तो परत दिलास. देव तुझं भलं करो.”

सभागृह हास्याने कोसळले. रातू डोळे पुशीत होते. हसण्याने की कशाने, ते विचारू नये.

“विवीलीची बाहेरची बाजू बंदच ठेवा,” तोरिका पुढे म्हणाली. “चुकून का होईना, मासे तिथं सुखात आहेत, त्यांना उठवायचं पाप नको. आतलं उथळ पाणी, जिथं आमचे पाय टेकतात, तेवढं द्या. जाळं नाही, होडी नाही. पाय, काठी आणि टोपली. आणि तुमच्या वडिलांचा वातुलोआही राखा.”

“मग आम्ही कुठं जायचं?” दाराबाहेरून फिलिमोने ओरडला.

“तुम्हांला इंजिनं आहेत. लांब जा. बायकोलाही जरा विसावा मिळेल.”

पाहुणे आले तेव्हा नकाशा पुन्हा अंथरला गेला. रातूंनी आधी तो कुणाला सुलटा आहे ते विचारून घेतले, आणि मग स्वतःच उठून पाहुण्यांच्या रांगेत, खालच्या अंगाला येऊन बसले. या वेळी त्यांनी अंगठा टेकवला नाही. त्यांनी उलामिलाचे बोट धरले आणि म्हणाले, “तू ठेव. चुकलं तर हा गाव तुला लगेच सांगेल.” तिने विवीलीच्या पाठीवरून एक रेघ ओढली, आणि वातुलोआभोवती दुसरी. या खेपेला “ठीक आहे ना?” या प्रश्नावर निदान पाच जण एकदम बोलले, आणि एक कोपरा खरोखरच बदलावा लागला.

त्यानंतरच्या मोठ्या ओहोटीला उलामिला सासूला घेऊन विवीलीच्या उथळ पाण्यात उतरली. तोरिकाचे पाय पहिल्यांदा बिचकले. मग, घरातल्या अंधारात हात जसा आपोआप कोनाड्याकडे जातो, तसे ते वाट शोधत गेले. तिने पहिला शिंपला उचलला, न्याहाळला आणि केळीच्या पानात वेगळा ठेवला. “हा सैरूसीला. म्हणावं, मासा समजून खा.”

उलामिलाचे मोजणीचे काम राहिलेच होते. मोकळ्या झालेल्या पाण्याचीही नोंद आता हवी होती. तिने फितीचे एक टोक सासूच्या हाती दिले.

“हलायचं नाही हं, बुबू.”

“मी कशाला हलू? इतकी वर्षं हलले नाही,” तोरिका म्हणाली, आणि काठी बगलेत धरून, फितीचे टोक दोन्ही मुठींत घट्ट पकडून, पिंडरीभर पाण्यात ताठ उभी राहिली. उलामिला फीत उलगडत निघाली. काही अंतरावर जाऊन ती थांबली आणि तिने डोळे मिटले.

“झोपलीस का गं?” मागून हाक आली. “तो पोपटमासा तुला दोनदा चुकवून गेला. लिही लवकर!”