प्लगबाईंची सही

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. सगळं ऑफिस त्यांना प्लगबाई म्हणायचं. अगदी तोंडावर म्हणायचं, आणि त्याही खुशाल ओ द्यायच्या. वय अठ्ठावन्न. अंगात बाराही महिने तोच राखाडी स्वेटर, कारण चाचणीच्या खोलीतला गारवा यंत्रांसाठी असतो, माणसांची तिथे कोणाला पडलीय! काम एकच. धंदेवाल्या लोकांना बॅकअपच्या म्हणून ज्या पेट्या विकल्या जातात, त्या घेण्यालायक आहेत की नाहीत ते तपासायचं आणि अहवालाखाली सही करायची.

आता बॅकअपची पेटी म्हणजे काही जादू नाही. दुकानातल्या, दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर जे असेल त्याची रोज नक्कल करून ठेवणारं यंत्र, बस्स. उद्या कॉम्प्युटर मेला तर पेटीतून सगळं परत आणायचं आणि कामाला लागायचं. बाकीचे तपासनीस काय करत? पेटी किती भराभर नक्कल करते ते घड्याळ लावून बघत आणि हिरवा दिवा लागला की चहाला जात. बाईंचं तसं नव्हतं. "घ्यायला काय, कचऱ्याचा डबाही घेतो," त्या म्हणायच्या. "परत काय देते ते दाखवा." पेटी गच्च भरायची, ती ऐन कामात असताना स्वतःच्या हाताने भिंतीतला प्लग उपटायचा, आणि मग आतलं सगळं एका कोऱ्या मशीनवर परत आणायचं. नमुन्यादाखल दहा-वीस फायली नाही, अगदी सगळं. ते मुळाशी ताडून बघायचं. एकेका पेटीला चार-चार दिवस लागत. पेट्या विकणाऱ्या कंपन्या त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या.

ही खोड काही जन्मजात नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी बाई त्यांच्या दिरांच्या छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळायच्या. एक निवृत्त मास्तर तिथे रोज दुपारी येऊन बसत. लोहार, कासार, गवंडी, शिंपी यांच्या तोंडचे शब्द त्यांनी वीस वर्षं हिंडून गोळा केले होते, आणि त्यांचा कोश तिथे टाईप होत होता. बॅकअप रोज व्हायचा. सकाळी आल्या आल्या बाई हिरवा दिवा बघायच्या, वहीत तारखेपुढे 'झाले' लिहायच्या आणि सही ठोकायच्या. मध्येच कधीतरी कामाच्या फायली नव्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या. पेटीला ते कोणी सांगितलंच नाही. ती बापडी चौदा महिने रिकाम्या फोल्डरची इमानेइतबारे नक्कल करत राहिली, आणि बाई चौदा महिने सह्या करत राहिल्या.

मग एके दिवशी कॉम्प्युटर बसला तो बसलाच. मास्तर आले तेव्हा सांगायला बाईंशिवाय कोणी पुढे झालं नाही. दीर मागच्या दाराने निघून गेले. मास्तर ओरडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं हो! त्यांनी ती वही उचलली, पानं उलटली आणि एवढंच विचारलं, "पण खाली तुमची सही आहे ना?" बाईंनी मान डोलावली. मास्तर पुन्हा आले नाहीत, आणि तो कोशही कधी निघाला नाही.

त्या दिवसापासून बाईंनी जे स्वतः परत आणून पाहिलं नाही, त्याखाली सही केली नाही.

आणि आता ही नवी पेटी आली होती. देखणी, काळीभोर, समोर हिरव्या दिव्यांची रांग. घेणार होता कृत्रिम हातपाय बनवणारा एक कारखाना. त्यांच्याकडे चौदाशे माणसांची मापं होती, प्रत्येकाची वेगळी फाइल. चाचणीसाठी त्यांनी आपल्याच मापांची एक नक्कल पाठवली होती. कारखान्याचे मालक स्वतः ती द्यायला आले, एका पायाने जरा लंगडत. "बाई," ते म्हणाले, "पाय झिजतो, तुटतो. माणूस पाच-सात वर्षांनी परत येतोच. जुनं माप हाताशी असलं तर आठवड्यात नवा पाय लावून घरी जातो. नसलं तर सगळं पहिल्यापासून, आणि तो महिना-महिना कुबड्यांवर. तेवढं बघा."

बाईंनी बघितलं. ही पेटी जागा वाचवण्यासाठी आठवड्यातून एकदा आवराआवर करायची, सगळ्यात जुन्या फायलींपासून सुरुवात करून. ती आवराआवर सुरू झाली, बाईंनी मनात तीसपर्यंत आकडे मोजले आणि प्लग उपटला. पुन्हा लावला. दिवे सगळे हिरवे. यादीत चौदाशेच्या चौदाशे फायली, आकारही बरोबर. पडद्यावर अक्षरं आली, 'सर्व काही सुरक्षित'. मग चार दिवस लावून सगळं कोऱ्या मशीनवर परत आणलं, तर सगळ्यात जुन्या एकशे बारा फायली आतून पांढऱ्या फटक! बाईंनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं. आकडा थोडा मागेपुढे झाला, पण मार खाल्ला जुन्यांनीच.

पेटीच्या कंपनीचा माणूस आला, गळ्यात टाय, तोंडात साखर. "मॅडम, असा प्लग कोण काढतं हो? प्रत्यक्षात असं होत नाही."

"माझ्या घरी सफाई करणारी बाई पंखा पुसायला रोज काढते," प्लगबाई म्हणाल्या.

"गिऱ्हाइकाकडे वीज अखंड असते, मॅडम."

"सगळंच अखंड असतं तर बॅकअप कशाला घेतात लोक? शोभेला?"

टायवाल्याने मग बाईंचा नाद सोडला आणि साहेबांची केबिन गाठली. साहेबांनी त्या कंपनीला आधीच शब्द देऊन ठेवला होता. त्यांनी बाईंना बोलावलं, दार लावून घेतलं. "बाई, दोन वर्षांत निवृत्त होताय. कशाला हा वाद? खाली बारीक अक्षरांत 'वीजपुरवठा अखंड असावा' असं टाका आणि सही करा."

"बारीक अक्षरांत नाही टाकणार. 'पेटी परत देत नाही' असं मोठ्या अक्षरांत लिहिते, मग करते सही. चालेल?"

साहेबांचा पारा चढला. "तुमच्या सहीवाचून काही अडत नाही! मी करतो. आणि परवाच्या बैठकीला तुम्ही यायची गरज नाही. पुढचंही मग बघू, तुम्हाला ठेवायचं की नाही ते."

घरी नवऱ्याने भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. "अगं, त्यांची सही, त्यांचं पाप. तुझे हात मोकळे झाले की!"

"अहो, हात मोकळे करून भावजीही गेलेच होते ना मागच्या दाराने?" बाई म्हणाल्या. "पुढे कोण राहिलं?"

नवरा निवडलेल्या आणि न निवडलेल्या भाजीची सरमिसळ करून बसला. मग म्हणाला, "बैठकीत न्यायचं ते मशीन जड असेल. उचलू नकोस, कंबर धरेल. काहीतरी चाकांचं घे."

परवा उजाडला. बैठकीच्या खोलीत साहेब, टायवाला आणि कारखान्याचे मालक बसले होते. अहवाल मालकांच्या हातात होता. तेवढ्यात दार ढकलून आत आली ती चहाची ट्रॉली. ट्रॉलीवर कपबशांच्या जागी ते मशीन, आणि मागे राखाडी स्वेटर.

"बाई, तुम्हाला बोलावलेलं नाही," साहेब म्हणाले.

"माहीत आहे. न बोलावता आले." बाईंनी ट्रॉली थेट मालकांपुढे लावली. मशीनची वायर भिंतीत खोचली. आवाज ठणठणीत होता. "तुमचीच मापं आहेत. प्लग एकदा निघाल्यावर या पेटीने परत दिलेली. तुमच्याकडची पहिली फाइल कोणाची?"

मालकांनी आपल्या गुडघ्यावर टिचकी मारली. टक्कन आवाज झाला. "माझीच की. पहिला पाय मी माझाच केला."

बाईंनी ती उघडली. पडदा पांढरा. मालक पुढे वाकले. "दुसरी उघडा." पांढरा. "ती माझ्या बहिणीची होती," ते म्हणाले. "बरं, सातवी?" तीही तशीच. टायवाला वीजपुरवठ्याबद्दल काहीतरी बोलू लागला, पण त्याच्याकडे कोणी बघेना. मालकांनी अहवाल उचलला, शेवटचं पान काढलं, त्यावर बोट ठेवलं आणि साहेबांना अगदी साधेपणाने विचारलं,

"पण खाली तुमची सही आहे ना?"

सव्वीस वर्षं हे वाक्य बाईंनी उशाशी घेऊन काढली होती, आणि आज ते दुसऱ्या कोणाला तरी विचारलं गेलं होतं. आनंद? छे, कसला आनंद. साहेबांचा उतरलेला चेहरा बघून त्यांना खरंच कीव आली. तिथे बसलं की कसं वाटतं ते या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. पण कीव आली म्हणून त्यांनी पडदा काही बंद केला नाही. तो पांढरा पडदा त्यांनी सगळ्यांना पुरेसा बघू दिला.

मालकांनी अहवाल टेबलावर उलटा ठेवला. "दुसरी पेटी बघू या," ते म्हणाले. "बाईच तपासतील. नाहीतर मी दुसरीकडे जातो."

साहेबांनी तो उलटा अहवाल आपल्याकडे ओढला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला?" बाईंनी वायर गुंडाळली, ट्रॉली फिरवली आणि दारात थांबल्या. "उद्या दहाला येते मी. नको असेन तर तसं लेखी द्या. खाली सही करून."