गफूरचाचाची खोळ

गफूरचाचा मेला हे मले कोणी येऊन सांगतलं नाही. ते मीच लोकायले सांगून राह्यलो होतो, फुटाण्याच्या पुड्या बांधता बांधता, हसून हसून. फक्त मेलेला माणूस आपला चाचा हाये, हे मले मालूम नव्हतं. त्याचा चाळिसावा होऊन गेला, तरी ते हसणं अजून माह्या दाताले चिकटून हाये. म्या शाळेचं तोंड पाह्यलं नाही. मी बोलून राह्यलो आन माही पोरगी सुनीता लिहून घेऊन राह्यली. तिले सांगून ठेवलं, बापाची इज्जत राखाले एकबी शब्द बदलवू नको. राखाले काही उरलंबी नाही.

मी किसन फुटाणेवाला. मलकापूर ते शेगाव पॅसिंजर गाडीत टोपली घेऊन फिरतो. माह्या फुटाण्यात काही दम नाही, अर्धे कच्चे, अर्धे जळेल, बायकोबी खात नाही. चालते ते माहं तोंड. माणूस हसला का त्याले भूक लागते, हे मले लवकर समजलं. म्हणून मी बायकोवर जोक करतो, टक्कलावर करतो, माह्या स्वतःच्या तंगड्या टोपलीच्या दांड्यावाणी हाये त्याच्यावर करतो. आन गाडी मधातच थांबली, कोणी रुळावर कटलं असं समजलं, का माह्याजवळ एक खास जोक होता. मेलेला माणूस यमाच्या दारात जाते. यम म्हणते, काऊन बे, उशीर काऊन झाला? तो म्हणते, साहेब, मी काय करू, गाडीच लेट होती. डब्बा हसे. टोपली खाली होये. सांगून ठेवतो, माणसं मरत तवा माहा धंदा जास्त होये.

गफूरचाचाचा धंदा गाद्यायचा. पिंजारी माणूस, मूळचा रोहिणखेडचा, पण दुकान आमच्या इकडं नांदुऱ्याच्या अलीकडं, रेल्वे फाटकापाशी. जुन्या गादीतला कापूस काढायचा, मशीनवर पिंजायचा, नव्या खोळीत भरून घरपोच शिवून द्यायचा. भिवयांवर कापूस, मिशीत कापूस, चहाच्या कपात कापूस. मी त्याले म्हणो, चाचा, तू मेला तर तुले खोकला येऊनच मरशीन. तो म्हणे, तू मेला तर तोंड चालू ठेवूनच मरशीन, वरून माती टाकणाऱ्यायलेबी हसवशीन.

फाटकापाशी दुकान असल्यानं जे व्हायचं ते पह्यले त्यालेच दिसे. आमच्या इकडं रुळावर माणसं कटतात. कोणी जीव द्याले येते, कोणी उतरता उतरता घसरते, कोणी कानाले मोबाईल लावून चालते. पोलीस येईपर्यंत तो माणूस तसाच पडून राहे, उघडा, आन गाडीतले लोकं खिडकीतून माना काढून पाहात. पह्यल्या खेपीले चाचा दुकानातून धावत गेला तवा त्याच्या हातात एक गादीची खोळ होती, तीच टाकली अंगावर. मंग ती रीतच पडली. दुकानात एका खुंटीवर एक पांढरी, धुतलेली खोळ कायम टांगलेली राहे. ती कोणाले इकायची नाही. कामी पडली का दुसऱ्या दिवशी नवी शिवून टांगायचा. नुसती वरून नाही टाकायचा तो. खालूनबी कापूस सरकवायचा, डोस्क्याखाली, पाठीखाली. पोलीसवाला एकदा चिडला, म्हणे, चाचा, मेलेल्या माणसाले कायले गादी? चाचा म्हणे, "साहेब, गिट्टी टोचते."

खोळ सहा फुटाची. म्या इचारलं, सगळ्यायले एकच माप कसं? कोणी लहान राहते, कोणी... अर्धा राहते. चाचानं माह्याकडं असं पाह्यलं का मले माहीच टोपली डोस्क्यावर पालथी घालावी वाटली. म्हणे, तुटला तरी माणूस सहाच फूट राहते बे.

आन त्याची दुसरी रीत, नाव इचारायची. खिशातला कागद, आधार कार्ड, मोबाईल, जे सापडन ते पोलिसाकून वाचून घ्यायचा आन मोठ्यानं ते नाव म्हणायचा. मुसलमान राह्यला तर स्वतः दुआ करायचा. हिंदू राह्यला तर मले हाका मारायचा, किसन, इकडं ये, तुमचं काय राहते ते म्हण, मले येत नाही. आता मले काय येते? मी देवळात प्रसादापुरता जातो. एकदा वडनेर भोलजीचा एक म्हातारा पडला होता. चाचानं नाव घेतलं, मले म्हणे, म्हण. माह्या डोस्क्यात गणपतीच्या आरतीशिवाय काही आलंच नाही. म्या आरती सुरू केली. बाजूचा पोलीसवाला सवयीनं टाळ्या वाजवाले लागला. दोन ओळी झाल्यावर त्याले समजलं, मले समजलं, आमी दोघंबी थांबलो. चाचा डोळे मिटून उभाच. म्हणे, थांबला काऊन, पुरी कर. म्या पुरी केली. त्या म्हाताऱ्याच्या नशिबी शेवटाले असा भट आला.

यमाचा जोक चाचानं एकदाच ऐकला. डब्याच्या दारात उभा राहून मी सांगून राह्यलो होतो आन तो खाली गिट्टीवर खोळ घेऊन उभा होता. संध्याकाळी दुकानात बोलावलं, चहा पाजला, मंग म्हणे, "किसन, हसव. तुहं पोट हाये. पण पह्यले नाव इचार. नाव समजल्यावरबी हसू आलं तर मंग हास." म्या मान हालवली. दुसऱ्या खेपीले तोच जोक, त्याच दारात. माही मान अशीच हाये, हालते फुकट.

आता त्या दिवशीचं. रविवारी सुनीतेले पाह्याले पाहुणे येणार होते. आमच्या घरची गादी अशी का बसला तर खाली जमीन कुठं हाये ते समजे. म्या गादी चाचाले पिंजाले देली होती आन चार दिवसापासून त्याच्या मागं लागलो होतो. शनिवारी सकाळी गाडी पकडाले चाल्लो तर दुकानापाशी थांबलो. चाचा म्हणे, कापूस झाला, खोळ झाली, दुपारी गेटाकून घेऊन येतो, तुह्या घरीच बसून शिवतो. आमचं घर रुळाच्या पल्याड. गेटाकून, म्हणजे फाटकातून सडकेनं गेलं तर लय फेरा पडते, दुकानामागून रूळ ओलांडला तर घर समोरच. पण चाचा कधीबी रूळ ओलांडत नव्हता, दिवसाची येळ असो, गाडी नसो, गेटाकूनच जाय. इतकं पाह्यलेला माणूस तो, जाईन कसा? आन म्या... सुनीता, लिही... म्या हसलो. म्हटलं, चाचा, एवढा गठ्ठा डोस्क्यावर घेऊन फेरा कायले मारतं? सरळ रुळावरून ये, दोन मिनिटाचं काम. इतके मुर्दे उचलले तुनं, रूळ म्हणजे तुहं सासर झालं, सासरी जाले कोणी भेते काय? दुकानात बसलेले दोघं हसले. चाचाबी हसला. मले वाटलं, जमला जोक.

दुपारच्या पॅसिंजरनं मी मलकापुराहून वापस येऊन राह्यलो होतो. आमच्या फाटकाच्या अलीकडं गाडीनं असा ब्रेक मारला का माही टोपली एका बाईच्या मांडीवर. थांबली. दोन मिनिटात खबर डब्यात आली, कोणी कटलं. आन मंग सुरू झालं, जे दर खेपीले होते. किती येळ थांबन? आता दुसऱ्या गाड्या पुढं काढाले आपल्यालेच दाबून ठेवतीन. शेगावची दर्शनाची लाईन लागली असन. एक जण म्हणे, मरणाऱ्याले मालगाडी नव्हती भेटली काय? एकानं घरी फोन लावला, म्हणे, जेवण झाकून ठेव, इथं एक जण मेला. कोणीबी "अरेरे" म्हटलं नाही. खोटं कायले बोलू, मीबी नाही म्हटलं. माह्या टोपलीत अर्धा माल शिल्लक होता. मी मधात उभा राह्यलो आन यमाचा जोक टाकला. असा रंगवून पह्यले कधी सांगतला नव्हता. यमाचा आवाज काढला, मेलेल्याची चाल करून दाखवली. डब्बा हालला. ज्या बाईच्या मांडीवर टोपली पडली होती, ती डोळे पुसू पुसू हसली. म्या आठ पुड्या बांधल्या.

नववी बांधत होतो तवा खिडकीपाशी एक जण म्हणे, पाहा हो, बरफ पडला इथं, काश्मीर झालं. सगळे वाकले. मीबी वाकलो. रुळाच्या बाजूच्या बाभळी पांढऱ्याफेक. काट्याकाट्याले कापूस. गिट्टीवर कापूस, तारायले कापूस, वाऱ्यानं उडून राह्यलेला कापूस. लोकं मोबाईल काढून फोटो घेऊन राह्यले. आन मले काही समजाच्या आधी माह्या हातातली पुडी सुटली. तो पिंजलेला कापूस होता. आमच्या गल्लीत त्या दिवशी पिंजलेला कापूस कोणाचा येणार होता, हे मले सोडून त्या डब्यात कोणाले मालूम नव्हतं.

गठ्ठा डोस्क्यावर, दोन्हीकून कान झाकलेले. गाडी ऐकू आली नसन. त्याच्यावाणी माणूस पह्यल्यांदा रुळावरून चाल्ला होता. माह्या जोकावर चाल्ला होता.

उडी मारून गेलो. चाचा उघडा पडला होता. आन खोळ घेऊन धावणारा कोणी नव्हता, कारण धावणारा तोच होता. माही गादीची खोळ, निळ्या पट्ट्याची, इंजिनाखाली अडकून फाटलेली. मी वापस डब्यापाशी आलो, खालून हात जोडले, म्हटलं, चादर द्या कोणी, एक चादर द्या. शेगावले मुक्कामी जाणारे लोकं, थैल्या भरून चादरी. एक माणूस म्हणे, खराब होईन ना. दुसऱ्याले वाटलं मी नवा जोक करून राह्यलो. तो हसला बी. म्या त्या माणसाले शिव्या देल्या, त्याच्या आईले, बापाले, शेगावच्या वाटेले. मंग समजलं, हसाले याले कोणी शिकवलं? दहा मिनिटाआधी म्याच शिकवलं.

शेवटी टोपलीवरचा लाल फडका घेऊन गेलो. दीड हाताचा फडका. तोंड झाकलं तर छाती उघडी, छाती झाकली तर तोंड उघडं. सहा फूट माणूस, दीड हात कपडा. मंग कापूस गोळा केला, माह्याच गादीचा, त्याच्या डोस्क्याखाली सारला. पोलीसवाला आला, तोच, टाळ्यावाला. चाचाले पाहून त्यानं टोपी काढली आन वळून पाठमोरा उभा राह्यला. नाव इचाराची गरज नव्हती, तरी म्या म्हटलं, मोठ्यानं, गफूर पिंजारी, रोहिणखेडवाला. दुआ मले येत नाही. त्याच्यासाठी ती कराले मी कोणाले हाक मारू? डब्यातून एक जण ओरडला, झालं काय हो, सुटन का आता?

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. सुनीतेनं वाचून दाखवल्या. एका इसमाचा रेल्वेखाली मृत्यू, वाहतूक काही काळ खोळंबली. पेपरवाल्यालेबी पह्यले गाडीच लेट झालेली दिसली. पाहुण्यायले म्या फोन करून नको म्हटलं.

चाळिसाव्याले चाचीनं मले दुकानात नेलं. मशीनवर धूळ, कोपऱ्यात कोणाची तरी अर्धी गादी, आन खुंटीवर ती पांढरी खोळ. शिवून तयार. त्याच्या स्वतःच्या कामी आली नाही, कारण ती घेऊन जाणारा कोणी दुकानात नव्हता. म्या चाचीले सगळं सांगतलं, रुळावरून ये म्हटल्याचं, जोकाचं, सगळं. वाटलं, ती थोबाडीत देईन. देली असती तर बरं झालं असतं. तिनं खोळ खुंटीवरून काढली, माह्या हातात देली, म्हणे, "घे. आता गाडीत तूच राहतं." एवढंच. माफ केलं असं नाही म्हटलं, आन म्याबी इचारलं नाही.

आता ती खोळ माह्या टोपलीत तळाशी राहते, वरून पॉलिथिन, मंग फुटाणे. यमाचा जोक बंद. लोकं मागतात, किसन, तो यमवाला होऊ दे. मी म्हणतो, इसरलो. फुटाणे उरतात, आता जळेल आन कच्चे सगळ्यायले समजून राह्यले.

गेल्या हप्त्यात जलंबच्या पुढं गाडी पुन्हा मधातच थांबली. तेच सुरू झालं, पडला वाटते कोणी, आजच पडाचं होतं काय. म्या टोपली त्यायच्या पायापाशी उलटी केली, फुटाणे सांडले, खोळ काढली आन उतरून धावलो. इंजिनापर्यंत धावलो. काही नव्हतं. सिग्नल नव्हता भेटला. ड्रायव्हर वरून पाहून राह्यला, मी खाली गिट्टीवर, हातात पांढरी खोळ, धाप लागलेली. वापस आलो तर अख्खा डब्बा दारात येऊन हसून राह्यला, माह्यावर. म्या हसू देलं. कोणी मेलं नव्हतं ना.

मंग एक जण, चांगला इस्त्रीचा शर्ट, म्हणे, काय फुटाणेवाले, एवढ्याचसाठी उतरले काय? म्या म्हटलं, हाव. तुमच्यासाठीबी उतरन. नाव काय तुमचं?

तो नाव सांगे ना. डब्यातलं हसणंबी बंद झालं. म्या त्याच्यासमोरच, सीटवर पसरून, खोळीची घडी घातली, चाचा घालत होता तशी, चार पदरी, तोंड आतून.

"सांगून ठेवा, भाऊ," म्या म्हटलं. "खिशातला कागद मले वाचता येत नाही."