कमी ग्लिसरीनची कुपी

साठ सालानंतरची गोष्ट. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी पुण्यातल्या गुरांच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. नेमकं काम काय ते ऐकल्यावर आईने शेजारीपाजारी सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. वळूचं वीर्य गोठवून ठेवायचं आणि गाय माजावर आली की ते वितळवून तिच्या गर्भाशयात सोडून तिला भरवायचं, असे प्रयोग आमचे वरिष्ठ करत. ते गुरांचे डॉक्टर. द्रावणांचं गणित माझ्याकडे.

पाणी गोठतं तेव्हा बर्फ होतो तो निव्वळ पाण्याचा. त्यात विरघळलेलं मीठ, साखर वगैरे उरलेल्या पाण्यात कोंडलं जातं. बर्फ वाढत जातो तसं ते पाणी खारट होत जातं, आणि शुक्रजंतू थंडीपेक्षा त्या खारेपणानेच जास्त मरतात. ग्लिसरीन घातलं की खारेपणा आटोक्यात राहतो. पण ग्लिसरीन जास्त झालं तर तेही विषच. म्हणून कुठल्या तापमानाला किती बर्फ होईल हे आधी सांगता यायला हवं होतं.

डॉक्टर त्यासाठी साधी बेरीज करत. मिठाने गोठणबिंदू इतका उतरतो, साखरेने इतका, ग्लिसरीनने इतका, मिळून एवढा. पातळ द्रावणाला ती जमायची. द्रावण घट्ट झालं की मात्र गोठणबिंदू बेरजेच्या बराच खाली जाई. दाटीत हे पदार्थ एकमेकांवर परिणाम करत होते आणि बेरजेत त्याला जागाच नव्हती. मी एकेका पदार्थाचं द्रावण वेगवेगळं गोठवून पाहिलं आणि त्यावरून मिश्रणाचं वागणं सांगणारं समीकरण बसवलं. ते म्हणत होतं की खारेपणा डॉक्टर समजतात तितका वाढत नाही, तेव्हा ग्लिसरीन कमी करा.

"आणि तुमचं गणित चुकलं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर कुपीत काही जिवंत राहणार नाही."

शेवटी दोन्ही मिश्रणांच्या कुप्या भरल्या. प्रयोगशाळेत दोन्ही तगल्या. पण गोठ्यापर्यंतचा प्रवास अजून कुठल्याच कुपीने केला नव्हता.

एप्रिलमध्ये एका सकाळी पौडहून फोन आला. माले गावातल्या एका बाईची गाय माजावर आली होती. तिच्या गाईला जवळपास चांगला वळू नव्हता, आणि डॉक्टरांनी तिला आधीच शब्द देऊन ठेवला होता. बूच लावलेल्या पेटीत कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू, भरला, दोन्ही प्रकारची एकेक कुपी ठेवली आणि आम्ही जीपने निघालो. इतक्या थंडीत पारा गोठतो, म्हणून बुचातून अल्कोहोलचा थर्मामीटर खोचला होता. त्याचं वरचं टोक माझ्या डोळ्यांसमोर.

पौडच्या पुढे जीपचं इंजिन तापून बंद पडलं. ड्रायव्हर पाणी आणायला ओढ्याकडे गेला. ओढा आटलेला. उन्हात पेटी हलकी होत चालली होती. बर्फाची सरळ वाफ होऊन जात होती. थर्मामीटर चढायला लागला. मी पदर ओला करायला पाणी शोधत होते, ते नव्हतं, म्हणून जीपच्या सावलीत पेटी अंगाशी धरून बसले.

"परत फिरू या," डॉक्टर म्हणाले. "इतकं चढल्यावर माझंच मिश्रण तगणार नाही, तुमचं तर सोडाच."

मी डॉक्टरांच्या सिगारेटच्या पाकिटाच्या मागे आकडेमोड केली. या तापमानाला अजून बराचसा भाग गोठलेलाच राहायला हवा होता, आणि उरलेल्या पाण्यातलं मीठ सोसण्याइतकं. ऊब वाढली की ग्लिसरीनचं विष जास्त बाधतं, आणि माझ्या कुपीत ते कमी होतं. "अजून थोडी सवड आहे," मी म्हणाले. 

ड्रायव्हर पुढच्या वाडीतून घागरभर पाणी घेऊन आला तेव्हा पेटीत बर्फ नावालाच उरला होता.

मालेला पोचलो तेव्हा गाय आंब्याखाली बांधली होती आणि सारखी हंबरत होती. बाईचा दीर आडवा आला. "बर्फातलं मेलेलं बी आमच्या गाईत घालू देणार न्हाई."

"गाय माजी हाय, तुमची न्हाई," बाई म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "लगीन झालंय का गं तुजं?"

"नाही."

"आन् ह्या कामाला आलीस?" ती हसली नाही, पण तिने गोठ्याच्या ओट्यावर माझ्यासाठी घोंगडी टाकली आणि कोमट पाण्याचं पातेलं आणून ठेवलं.

डॉक्टरांची कुपी आधी वितळवली. बरोबर आणलेल्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवून त्यांनी थेंब पाहिला.  "सगळे स्तब्ध," ते म्हणाले. दीर खाकरला.

मग मी माझी कुपी फोडली. डॉक्टर पुन्हा वाकले.   मग त्यांनी बाजूला होऊन मला जागा दिली. पुष्कळसे मेलेले होते. पण कडेला एक हलला, मग आणखी काही, मग सगळीकडे थोडे थोडे सळसळायला लागले.

"मला दावा की," म्हणत बाईने डोळा लावला. "अगं बया! वळवळतंय की हितं!"

डॉक्टरांनी त्याच कुपीने गाय भरवली. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "एका कुपीवरून काही सिद्ध होत नाही." ते खरंच होतं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळी मिश्रणं माझ्या समीकरणाने करायला सांगितली.

तीन आठवड्यांत गाय पुन्हा माजावर आली असती तर सगळं फुकट होतं. त्या काळात फोन वाजला की मीच आधी उचलायचे. गाय उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही. पुढे डॉक्टरांनी जाऊन तपासली आणि ती गाभण असल्याचं सांगितलं, तरी माझा विश्वास बसेना.

गाय व्याली ते पुढच्या जानेवारीत, पौडच्या पुढचे शेतकरी भात मळून मोकळे झाले होते तेव्हा. आम्ही गेलो तर गोऱ्हा झाला होता. बाईला कालवड हवी होती, मला ते ठाऊक होतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "गोऱ्हा तर गोऱ्हा. चार पायावर हुबा हाय न्हवं?"

दीर खुंट्याजवळ बसून वासराचे कान चाचपत होता. डॉक्टरांकडे न पाहता त्याने विचारलं, "सायब, माजी बी गाय हाय. कवा येताय?"