लॅपटॉपजवळचा कांदा

गेल्या मे महिन्यात मी फार हुशार होते. आता डिसेंबर संपत आला आणि हुशारी बरीच उतरली, त्यामुळे त्या मे महिन्यातल्या बाईबद्दल मोकळेपणानं लिहिता येतं. ती सत्तरीची, मीही सत्तरीचीच. पण अकलेनं ती माझ्याहून पुष्कळ लहान.

बाईचा उद्योग असा. आमच्या घरी पूर्वी हातमाग होते. माग गेले, पेटीत चार-सहा जुनी लुगडी राहिली. त्यांच्या काठांची नक्षी ती लॅपटॉपवर चौकटी-चौकटीत उतरवून ठेवायची. एक धागा, एक चौकट. काठ मोठा झाला की लॅपटॉप तापायचा, आतला पंखा घरघरायचा आणि एकदम सगळं काळं. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसलेला माणूससुद्धा दुपारी बंद पडतो, तिथं त्या यंत्राची काय कथा! पण बाईंना वाटलं, हे आपल्याच वाट्याला आलेलं संकट.

तिनं पुण्याला नातीला फोन लावला. नात म्हणाली, "आजी, प्रोसेसरच्या वेगाला मर्यादा घाल. शंभर असेल तिथं ऐंशी कर. थोडा हळू चालेल, पण तापणार नाही." आणि फोनवरूनच कुठं बोट दाबायचं ते सांगितलं. बाईनं सगळं नीट ऐकलं, "हाव, हाव" म्हणत फोन ठेवला आणि विचार केला: ऐंशीनं एवढा थंडावा येतो, तर तीसनं किती येईल! केले तीस. घरातली प्रत्येक गोष्ट भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची तिला सवय, तिथं लिहूनही ठेवलं. आणि विसरली.

विसरायला कारण होतं. त्याच दिवशी तिला त्याहून मोठा उपाय सुचला होता. आमच्याकडे उन्हात निघणारा माणूस लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतो. तिनं लॅपटॉपच्या जाळीला लागून एक कांदा ठेवला. लॅपटॉप पुन्हा बंद पडला नाही. मग श्रेय कोणाचं? कांद्याचं!

"मायबाई, खरंच?" शेजारणी विचारायच्या.

"हाव ना. एक कांदा, बस. पण रोज बदलायचा."

कॉलनीतल्या आणखी तीन-चार घरांत लॅपटॉपजवळ कांदे बसले.

जूनमध्ये पंख्यातून खरखर येऊ लागली. बाई लॅपटॉप घेऊन धरमपेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदारानं चार-पाच गिऱ्हाइकांसमोर तळ उघडला आणि चिमट्यानं पंख्याच्या पात्यांतून एक गुलाबी पापुद्रा बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा. उजेडात धरून म्हणाला, "काकू, याले लू लागली होती का?"

दुकान हसलं. बाईही हसल्या, पण नुसत्या दातांनी. त्यानं जाळी साफ केली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, म्हणाला, "आता गरम नाही होणार." झालाही नाही. पण चालायचा मात्र गोगलगायीसारखा. रंग बदलायला सांगावा आणि चहा टाकून यावा. मेमध्येही तसाच चालायचा, तेव्हा बाईनं ते उन्हावर ढकललं. पावसाळ्यात ओलीवर ढकललं. दिवाळी आली, थंडी पडली, ढकलायला ऋतूच उरला नाही. मग दुकानदार सापडला.

यानं आतला चांगला पार्ट काढून जुना बसवला. पुरावा? तो हसला होता! एवढ्या पुराव्यावर बाईनं कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं: "धरमपेठेतल्या त्या दुकानात कोणी लॅपटॉप देऊ नका. चांगला पार्ट काढून घेतात. अनुभवाचे बोल." शेवटी दोन जोडलेले हात. धडाधड अंगठे आले. बाईला रात्री छान झोप लागली.

ही सवय आजची नाही. नवी नवरी असताना एकदा मागावर आडवा धागा फिरवणारा माझा धोटा हरवला. मी दुपारभर जावेवर आळ घेतला, रडले, सासूला मध्ये घातलं. शेवटी पाणी भरायला वाकले तर जाऊबाईंनी माझ्याच कमरेला खोचलेला धोटा उपसून काढला. "सापडला वं चोर," एवढंच म्हणाल्या. काखेत कळसा घेऊन गावभर फिरणाऱ्या बाया पुष्कळ; मी गावाला चोर ठरवून फिरणारी.

गेल्या आठवड्यात नात आली. लॅपटॉप उघडून बसली, वेगाचा आलेख काढला. सपाट रेघ.

"आजी, हा गरम नाही. पंखा स्वच्छ आहे. पण वेग या रेघेच्या वर जातच नाही. कोणीतरी बांधून ठेवलाय."

"कोणीतरी काहून? त्या दुकानदारानंच!"

तिनं ती मर्यादेची जागा उघडली. तीस. "मी तर तुला ऐंशी सांगितले होते."

"म्हणूनच म्हटलं मी, त्यानं केलं."

ती उठली, खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, मागची पानं उलटत मे महिन्यावर आली. माझंच अक्षर: 'लॅपटॉप ३० केला. कांदा ठेवला.'

तीन वर्षं पुण्यात राहून शुद्ध बोलणारी पोरगी पुणं विसरली. "आता बोल ना वं आजी! काहून चूप झाली?"

तिनं शंभर केले. लॅपटॉप सुटला तो हरणासारखा. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त ते दोन जोडलेले हात दिसत होते.

"तो मेसेज पुसता येतो का?"

"महिना उलटून गेला, आजी."

मग मी नवीन लिहिला: 'काही तांत्रिक गैरसमजामुळे...' तिनं वाचून विचारलं, "कोणाचा गैरसमज?"

"आपल्या सर्वांचा."

"आजी!"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. त्यानं ओळखलं. "या काकू. दिवाळीपासून तुमच्या कॉलनीतून एक लॅपटॉप नाही आला. एक बाई तर दिलेला परत घेऊन गेल्या, माह्यासमोर स्क्रू मोजून. मी घरी जाऊन विचार करून राहिलो, आपण केलं काय?"

"तुम्ही काही नाही केलं, भाऊ. मीच केलं." तीसचं, कॅलेंडरचं, सगळं सांगितलं. तो हसला नाही. या वेळी हसला असता तर बरं वाटलं असतं.

"मले सांगून काय फायदा? जिथं लिहिलं तिथं लिहा."

मी त्याच्याच स्टुलावर बसून लिहिलं: 'मी या दुकानदारावर खोटा आळ घेतला. लॅपटॉपचा वेग मीच कमी केला होता आणि विसरले. पार्ट कोणी बदललेला नाही.' त्याला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं.

"कांद्याचं पण टाका."

"ते कायले?"

"नुसती माफी कोणी वाचत नाही, काकू. कांदा असला तर पुढे पाठवतील."

बरोबर बोलला. चोरीचा मेसेज पायानं चालत नव्हता, धावत होता. माफीलाही धावायला काहीतरी हवंच. टाकला कांदा, पंख्यातले तिन्ही पापुद्रे, आणि 'लू लागली होती का' तेही. संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या कॉलन्यांत पोचलं. पहिलं उत्तर आलं: 'काकू, मग आम्ही आमचा कांदा काढायचा का?'

काल त्याचा फोन आला. पावतीवर माझा नंबर होता.

"तुमच्या कॉलनीतल्या तिघी येऊन गेल्या. स्क्रू मोजणाऱ्या बी. दोघींच्या पंख्यात पापुद्रे निघाले."

मी विचारलं, "हसले का तुम्ही?"

"हासलो ना," तो म्हणाला. "त्या गेल्यावर."