सुभेदारांच्या रानात शिकारीला मनाई
आपल्या बांधाचा माझ्या थोरल्या साडूंइतका अभिमान असलेला शेतकरी सातारा जिल्ह्यात दुसरा नसेल, हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून पाटणजवळची तीन एकर जमीन ते अशी राखतात, की देशाची सरहद्द जणू त्यांच्या उसापासूनच सुरू होते. शेळी आत शिरली तर तिला कान धरून बाहेर काढतात आणि मालकाला बोलावून शेळीसमोरच समज देतात. वाट चुकलेल्या माणसाला आधी "कोन? कशापायी?" आणि मग पाणी, पण ते तांब्याभर, गुळाच्या खड्यासकट.

खास राग शिकाऱ्यांवर. डोंगरातली रानडुकरं उसात उतरतात आणि त्यांच्यामागे हौशी मंडळी बंदूक, कुत्री घेऊन कुणाच्याही रानात घुसतात. साडू त्यांना अडवून शांतपणे सांगतात, की गुन्हा करायला परक्याच्या रानात शिरलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. परवानगीशिवाय डुक्कर मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. आणि कुत्री सोडून नुसतं पिटाळलं तरी ती शिकारच. त्यांचा स्वतःचा ऊस डुकरांनी लोळवला तरी ते पंचनाम्याचा अर्ज करतात, फार तर बांधावरून पत्र्याचा डबा वाजवतात, काठी उचलत नाहीत. आकडे मी घरी येऊन पडताळले, बरोबर निघाले. खोट एवढीच, की साडू सगळ्या शिक्षांची बेरीज करतात आणि प्रत्येक कुत्र्यामागे एक वर्ष जोडतात. "दाजी, असं कायद्यात नाही," म्हटलं तर म्हणाले, "पाव्हणं, कायदा दिल्लीचा. बेरीज माजी."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न होतं. व्याही विट्याकडचे, दक्षिणेत सोनं गाळायचा धंदा, माणूस दिलदार. हळदीच्या आदल्या दिवशी ते दोस्तांना घेऊन आले आणि जीप थेट बांधाला लावली. सोयऱ्याचं रान ते आपलंच रान, ही आमच्याकडची रीत, विचारायचं कशाला? खाली उतरली ती बंदूक आणि दोन कुत्री.

"व्याही, थांबा तितंच," साडू म्हणाले.

"आवं सुभेदार, लग्नाआदी एक डुक्कर पाडतो की! लय माजल्यात."

"ऊस माजा हाय, डुक्कर न्हाई. बंदूक आत आली तर तीन वर्सं तीन म्हैनं. आन् कुत्र्यांची दोन."

"कुत्र्यांची कुनी भोगायची?" जीपमधून कुणीतरी विचारलं. हशा पिकला. व्याही मात्र हसले नाहीत.

"सोयऱ्याला जेल दावताय व्हय? मग ठेवा पोरगी घरातच!"

मांडव रानालगतच होता; तिथल्या बायका हातातली कामं टाकून बांधाकडे आल्या. साडूंच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मी साडूंची बाही ओढली, "दाजी, आजच्या दिवस सोडा." त्यांचा चेहरा पडला होता, पण पाय बांधावरून हलले नाहीत.

"लगीन मोडलं तर माजं लय नुकसान हाय, व्याही. पर माज्या रानातनं माज्या जावयाच्या बापाला पोलिसानं नेलं, तर मी पोरीला काय तोंड दावू?"

तेवढ्यात लेकच चहाची किटली घेऊन आली. "मामा, च्या घ्या. बंदूक गाडीतच ऱ्हाऊ द्या. न्हाईतर आमचं अण्णा मलाबी सामील धरत्याल."

व्याह्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि असे हसले, की कुत्री भुंकायला लागली. बंदूक जीपमध्ये गेली. चहा मात्र साडूंनी बांधाच्या आत नेऊन पाजला.

पाठवणीच्या वेळी व्याही गाडीत बसायच्या आधी साडूंसमोर हात जोडून उभे राहिले. "सुभेदार, तुमच्या हद्दीतनं लेक नेतोय. परवानगी हाय न्हवं?" म्हणाले चेष्टेनंच, पण जोडलेले हात सोडले नाहीत. अख्खा कायदा तोंडपाठ असलेल्या माणसानं नुसती मान हलवली.

गाडी वळणाआड गेल्यावर साडू रानाकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. उसात काहीतरी मोडत होतं, डुकरंच असणार. मी पत्र्याचा डबा वाजवायला उचलला, तर त्यांनी माझा हात धरला.

"खाऊ द्या आज," म्हणाले.