खाडीचा बांध आणि आमचे चार घोडे

आमचा रायडिंग क्लब म्हणजे पेणच्या बाहेर पत्र्याची एक शेड, चार घोडे आणि आम्ही सहा माणसं. दोघं डोलवीच्या कंपनीतले शिफ्टवाले, एक बसकंडक्टर, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखणारी एक बाई, माझा नवरा आणि मी. नवरा घोड्यावर बसत नाही. तो घोड्यांना गूळ चारतो आणि मला सल्ले देतो. माथेरानला पर्यटक वाहून थकलेले घोडे आम्ही विकत आणले, तेव्हा लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. चाळिशी उलटल्यावर रिकिबीत पाय घालून जगाकडे जरा वरून बघायला मिळालं, त्यापुढे लोकांच्या हसण्याची काय मातब्बरी.

पण घोडा मिळणं सोपं, घोड्याला वाट मिळणं अवघड. हमरस्त्यावर कंपनीचे ट्रेलर. शेतात भात निघालं की लगेच वाल पडतात. उरला खाडीचा बांध. मातीचा, पुरुषभर उंच. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गावाची भातशेती. मधोमध एक उघाडी आहे, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडणारं दार. आमच्या बाजूने त्या उघाडीपर्यंत आम्ही चार वर्षं फिरलो. परवानगी अशी कुणाची नव्हती, कुणी हटकलंही नव्हतं. ही वाट गेली तर घोडे विकावे लागणार, हे आम्हा सहाही जणांना पक्कं ठाऊक होतं.

आणि ती गेली माझ्याच घाईमुळे. दरवर्षी आम्ही दिवाळीपर्यंत थांबायचो. त्या वर्षी गणपती गेले, चार दिवस ऊन पडलं आणि मला राहवेना. घोडे बांधावर घातले. वरून माती सुकलेली, आतून लोण्यासारखी. शंभरेक पावलांत खुरांचे वीतभर खड्डे पडले. दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्यांची झडप उभी होती. तिच्यामागे गावातले एक म्हातारे काका. बांधाची देखरेख त्यांच्याकडे.

"बाय, हा बांध हाय, घोड्यांचा रस्ता नाय," एवढंच बोलून ते वळले. गावकी बसून निर्णय देईपर्यंत वाट बंद.

मी म्हटलं, खड्डे मी पाडले, मीच बुजवणार. माझं माहेर रोह्याकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. आमच्याकडे शेताचा बांध फुटला की डोंगराची लाल माती टाकतात आणि धोपटतात, एवढंच मला माहीत. ट्रॉलीभर लाल माती मागवली. सहा जणांनी दिवसभर खपून खड्डे भरले. बांध असा देखणा दिसत होता की मी त्याचे फोटोसुद्धा काढले. अमावास्येचं उधाण आलं आणि माझी सगळी लाल माती खाडीत गेली. पाणी लाल झालेलं बघून शेतातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

काकाही हसले, पण फावडं घेऊन आले. "गो बाय, खाऱ्या पान्याला खाडीचीच माती लागते," म्हणाले. ओहोटीला खाडीतल्या चिकण चिखलाचे चौकोनी गोळे कसे कापायचे, हातोहात कसे पुढे द्यायचे, थरावर थर कसा बसवायचा, हे त्यांनी आम्हाला तीन दिवस शिकवलं. माझ्या हाताला फोड आले. कंडक्टरची कंबर धरली. खड्डे मात्र बुजले, ते कायमचे.

गावकी बसायला आठवडा होता. त्याआधीच कोजागिरीच्या भर दुपारच्या भरतीला उघाडीपलीकडे बांधाला खांड पडली. पाणी शेतात घुसायला लागलं. खारं पाणी मुरलं की दोन-तीन वर्षं तिथे भात नाही. हाक आली तसं अख्खं गाव धावलं, आम्हीही धावलो. चिखलाचे गोळे हातोहात देणाऱ्या रांगेत मी मधे उभी होते, आणि कुणीही मला तू इथे का असं विचारलं नाही. ओहोटी लागेपर्यंत खांड बुजली.

गावकीत मात्र कुणीतरी म्हणालंच, "घोऱ्यांनी बांध हलवला, म्हनून फुटला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. म्हटलं, "आमचे घोडे उघाडीपलीकडे कधी गेलेच नाहीत. घोडामैदान जवळच आहे, चला बघायला."

काकांनी पहार उचलली आणि पुढे झाले. मागे सगळं गाव. पलीकडच्या बांधात त्यांनी पहार मारली तर हातभर आत गेली. उपसली तर खेकड्यांची बिळंच बिळं. मग ते आमच्या बाजूला आले. त्यांनी दोन्ही हातांनी पहार उचलून मारली. ती चार बोटं रुतली आणि अडली. दहा पावलांवर पुन्हा मारली. पुन्हा तेच. चार उन्हाळे घोड्यांनी तुडवून तुडवून बांध धुमसाने चोपल्यासारखा घट्ट केला होता, आणि खेकड्यांनी तिथे घर करायचं सोडून दिलं होतं. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

काकांनी पहार उपसून खांद्यावर घेतली. मग गावाकडे तोंड करून म्हणाले, "पावसात नाय. दिवाली ते मिरग, घोरे चालतील. आनि बांधाला हाक आली की यांनी यायचं."

मी मान डोलावली आणि सगळ्यांसमोर रडले. नवऱ्याने खिशातला गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. दुसरं काही त्याला सुचलं नसावं.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही चारही घोडे बांधावर काढले. झडपेचे काटे कुणीतरी आधीच बाजूला केले होते. उघाडीपाशी सवयीने मी लगाम खेचला आणि घोडी वळवली. तेवढ्यात पलीकडच्या शेतातून भात कापणारी एक बाई विळा उंच धरून ओरडली, "गो घोरेवाले, मागं कुठं चाललीस? आमच्या बाजूला कोन येनार?"