अडकलेले मेल आणि नाथसागरची पाहुणी

त्या हिवाळ्यात माझी सगळी पत एका हंसाच्या मानेत अडकून पडली होती.

मी शाळेत भूगोल शिकवते, पडेगावला राहते, आणि चाळिशी ओलांडल्यावर मला पक्षी बघायचा नाद लागला. नाद म्हणजे असातसा नाही. रविवारी घरातले सगळे साखरझोपेत असताना डब्यात पोळी-चटणी भरायची, पैठणच्या रस्त्याला लागायचं, नाथसागर जलाशयाच्या काठावर चिखलात फतकल मारून बसायचं आणि दुपारी डोकं धरून परत यायचं. नवऱ्याने सुरुवातीचे काही रविवार सोबत केली. मग त्याला शेंद्र्याच्या कंपनीत नेमकं रविवारीच काम निघू लागलं. मीही फार चौकशी केली नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी धरणाचं पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीवर, लोकांनी पेरलेल्या हरभऱ्यात, पट्टकदंब हंसांचा मोठा थवा चरत होता. हे हंस हिमालय ओलांडून आपल्याकडे थंडी काढायला येतात. पांढरं डोकं, मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. त्यांतल्या एकाच्या मानेत मला हिरवं कडं दिसलं आणि कड्यावर पांढरी अक्षरं. मी कोपरं गुडघ्यांवर टेकवून दुर्बीण स्थिर केली. अक्षरं वाचली, पेनाने तळहातावर लिहिली आणि घाईघाईने फोटो काढला. फोटोत हंस आला, हिरवं कडं आलं, आणि अक्षरांच्या जागी धुरकट डाग आला.

आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटात एक निवृत्त डॉक्टर आहेत. त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांच्याकडे लांब नळीचा कॅमेरा आहे आणि आयुष्यभराचा अनुभव. मी फोटो टाकला तसं त्यांनी गटावर लिहिलं, "प्लास्टिक अडकलंय बिचाऱ्याच्या मानेत. पाणवठ्यांची काय दशा करून ठेवली आहे माणसाने." भराभर लोकांनी खाली हात जोडले, कुणी रडके चेहरे टाकले. मी लिहिलं, त्यावर अक्षरं आहेत, मी स्वतः वाचली आहेत. सरांनी उत्तर दिलं, "मॅडम, नव्या नव्या सगळ्यांना असं काहीबाही दिसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागाच्या भरात बसून शोधलं, तर कळलं की अशी हिरवी कडी मंगोलियात हंसांचा अभ्यास करणारे लोक घालतात. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्यांना मेल लिहिला. जागा, वेळ, तळहातावरचा नंबर, तो धुरकट फोटो, आणि शेवटी सरळच विचारलं की मी पाहिलं ते खरं आहे ना, एवढं कृपा करून कळवा. खाली फोन नंबर दिला तो घरातल्या फोनचा, कारण माझा फोन दिवसभर शाळेच्या कपाटात बंद असतो.

मेलचा पत्ता मात्र आमचा फार जुना. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, कधीकाळी इंटरनेटचं कनेक्शन घेतलं तेव्हा कंपनीने सोबत फुकट दिलेला. बँक, गॅस, शाळा, सगळीकडे तोच लावलेला, त्यामुळे बदलायचा कंटाळा. तर त्या पत्त्यावर मी रोज सकाळ-संध्याकाळ डोळे लावून बसायचे. कर्ज घ्या म्हणणारे मेल यायचे. टकलावर केस उगवून देणारे यायचे. एक कुठला तरी राजपुत्र मला आपली इस्टेट देऊ करत होता. फालतू मेल वेगळे पडतात तो कप्पाही मी उलटापालटा केला. मंगोलियाचं काहीच नाही. तिकडे गटावर कुणी तरी विचारलं, "प्लास्टिकवाल्या हंसाचं पुढं काय झालं?" आणि मग मीच प्लास्टिकवाल्या मॅडम झाले. हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण खोटं कशाला सांगू, फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी काही शोधलं होतं आणि ते खरं आहे असं म्हणणारं एक माणूस मला हवं होतं.

आबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि घराच्या सुरक्षेचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं. फोन लावला की आधी ऐकू येतं ना, सायबर चोरांपासून सावध राहा म्हणून, ते आपल्याला एकट्यालाच उद्देशून सांगितलंय असं त्यांना वाटतं. परदेशातला नंबर दिसला की ते बोलूच देत नाहीत. जेवताना सांगायचे, "आज परत त्या चोराचा फोन आला. लई चिवट हाय. मी तोंडच उघडू दिलं नाय."

मी म्हणायचे, "बरं केलंत आबा," आणि त्यांना आणखी भाजी वाढायचे.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून मी घरी आले आणि माझ्यासमोर तो फोन वाजला. आबांनी तो हात लांब करून धरला आणि म्हणाले, "बघ. आला." पडद्यावर नंबरच्या सुरुवातीला मंगोलियाचा कोड होता. त्या लोकांच्या वेबसाइटच्या तळाशी असलेला फोन नंबर मी महिनाभर रोज बघत होते, तो कोड मला पाठ झाला होता. आबांच्या हातातून फोन मी कसा ओढला ते मला आठवत नाही. त्यांना आठवतं.

पलीकडे एक बाई होती. तिचं इंग्रजी सावकाश, माझं अडखळत, त्यामुळे आमचं छान जमलं. ती म्हणाली, "हंसाबद्दल तुम्हीच लिहिलं होतं ना? मी तुम्हाला चार मेल पाठवले. चारही वाटेत अडकले. तुमच्या इंटरनेट कंपनीने अडवून ठेवले असा निरोप मला येतो. मग फोन केला, तर कुणीतरी रागावून बंद करतं."

मी आबांकडे पाहिलं. आबा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये एकादशी शोधत होते.

मग ती भरभर बोलायला लागली. ती हंसीण आहे. त्या बाईनेच तिच्या मानेत ते कडं घातलं होतं. दोन उन्हाळे ती कुणालाच दिसली नाही, म्हणून सोबतच्या लोकांनी तिला मेलेली धरून यादीतून काढून टाकलं. ही एकटीच भांडत होती की ती मेली नसेल. आणि अचानक माझा मेल आला, पण फोटोत नंबर दिसेना, तेव्हा सगळे हसले की तुझ्या मनासारखं तू वाचतेस. "मला स्पष्ट फोटो हवा आहे," ती म्हणाली. "ऊन वाढलं की हंस परतीला निघतील. तुम्ही परत जाऊन बघाल का?"

इतके दिवस मला वाटत होतं ती उत्तर देत नाही आणि तिला वाटत होतं मी देत नाही. आणि दोघींचंही तोंड धरून मध्ये एक कंपनी बसली होती. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात अक्षरशः उड्या मारल्या.

त्याच संध्याकाळी मी इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात गेले. आबा चप्पल घालून आधीच दारात उभे. "कनेक्शन माझ्या नावावर हाय," एवढंच म्हणाले. काउंटरवर डोक्याला ओढणी बांधलेली एक मुलगी होती. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं, कीबोर्डवर खटखट केलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचे मेल वरच अडकायलेत. त्यांच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कुणीतरी कधी कचरा पाठवला असेल. मग आमची मशीन तो सर्व्हरच काळ्या यादीत टाकते. त्याच्यातलं चांगलं पण आत येत नाय."

"आणि ते कर्जवाले? ते केसवाले?" माझा आवाज चढला. "ते रोज येतात की."

"त्यांचं सगळं नियमात असतं मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "ते लोक पक्कं काम करतात."

तिने अडवून ठेवलेल्या मेलची यादी उघडली. खाली खाली जात एका ओळीवर ती थांबली आणि तिने ती मोठ्याने वाचून मराठीत सांगितली, "कृपया उत्तर द्या, ती जिवंत आहे का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कौन, मॅडम?"

"हंस आहे," मी म्हणाले. "मंगोलियातला."

"या अल्ला," ती म्हणाली, "आणि आम्ही अडवून बसलोय." तिने तिथल्या तिथे चारही मेल सोडले, तो पत्ता चांगल्या लोकांच्या यादीत घातला आणि ती हंसीण दिसली तर मलाही कळवा असं बजावलं. मेलसोबत जुने फोटो होते. एका तळ्याकाठी जाड कोट घातलेली एक बाई मांडीवर हंस घेऊन बसली होती, आणि हंसाच्या मानेत माझं हिरवं कडं.

रात्री जेवण झाल्यावर आबांनी मला न विचारता सरांना फोन लावला. "डॉक्टरसाहेब, उद्या सकाळी कॅमेरा घेऊन नाथसागरावर या. प्लास्टिक दाखवायचंय." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सर आले. आमच्याही आधी येऊन उभे होते.

फेब्रुवारी संपत आला होता. पाणी आणखी मागे सरलं होतं, सकाळीच ऊन टोचत होतं आणि थवा जानेवारीतल्या थव्याच्या निम्माही राहिला नव्हता. बाकीचे निघून गेले होते. आणि चरणाऱ्या हंसाची मान पिकात असते, ती वर येईपर्यंत बसून राहायचं. एकेक मान वर यायची, साधी असायची, पुन्हा खाली जायची. आबा दगडावर बसून मधूनच विचारत होते, "ती गेली तर नसंल?" मी त्यांच्यावर खेकसले, कारण मला तीच भीती वाटत होती.

सर कॅमेऱ्याला डोळा लावून उभे होते. बराच वेळ ते हललेच नाहीत. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "प्लास्टिकच आहे." मग मला कॅमेऱ्याकडे खुणावलं. "पण नंबर घातलेलं. बघा, तुमचाच आहे का."

मी पाहिलं. ऐटीत मान उंच करून ती उभी होती, आणि मी तळहातावर लिहिली होती तीच अक्षरं, तशीच, त्याच क्रमाने. मला ओरडायचं होतं, पण थवा उडेल म्हणून तोंडात ओढणी कोंबली. सरांनी फोटोंचा सपाटा लावला. गटावर फोटो टाकून खाली माझं नावही त्यांनीच लिहिलं. माफी वगैरे काही मागितली नाही. फक्त म्हणाले, "मॅडम, डब्यात पोळी उरली आहे का?" मी त्यांना दोन दिल्या.

फोटो मंगोलियाला गेला आणि घरी पोचेपर्यंत उत्तर आलं. यावेळी कुणी अडवलं नाही. तिने लिहिलं होतं, "मी सगळ्यांना दाखवला. त्यांनी तिला यादीत परत घेतलं आहे. मला खुर्चीवर बसवत नाही, मी नुसती फिरते आहे." मी ते मोठ्याने वाचायला गेले आणि मध्येच रडायला लागले. इतक्या लांबची ती बाई, तिचं तोंड मी फक्त एका फोटोत पाहिलेलं, आणि तिला काय वाटत असेल ते मला अगदी आतून कळत होतं.

"आता रडायला काय झालं," आबा म्हणाले. "जित्ती हाय ना?"

पुढच्या रविवारी आबा माझ्याआधी तयार. आम्ही गेलो तर शेत रिकामं. हरभरा होता, पाणी होतं, दूरवर काही बदकं होती. हंस एकही नाही. मी खट्टू होऊन बसले. आबा डोळ्यांवर हात धरून उत्तरेकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "त्या बाईला कळव. निघाली म्हणावं. एवढ्या लांबून यायली ती, उतरून घ्यायला कुणी नको का?"

पाहुण्याला स्टँडवर जाऊन उतरून घेतात, त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला सुचेना. मी लिहिलं, ती इथून निघाली आहे, कृपा करून तिची वाट बघा.

मार्च गेला, एप्रिल गेला. रोज सकाळी आता आबाच मेल उघडायचे आणि मला वर्दी द्यायचे, "केसाचं औषध आलंय. बाकी काही नाय." मेमध्ये, सुट्टी लागल्यावर, एका सकाळी त्यांनी मला हाक मारली ती नेहमीची नव्हती. मी पीठ लागलेल्या हातांनीच पळत गेले. फोटोत निळं तळं होतं, काठावर वाळलेलं गवत, आणि गवतात ती मान उंच करून उभी. खाली दोनच शब्द होते, ती पोचली.

आबांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि नंबर एकेक अक्षर करून स्वतः वाचला.

"लिही तिला," ते म्हणाले. "म्हणावं, पोचल्याचं कळवलंत, जिवाला लई बरं वाटलं." मी टाइप करत होते. त्यांनी फोटो पुन्हा मोठा केला. "आणि विचार, दिवाळीनंतर कधी धाडता तिला."